हीटरचे तीनशे रुपये वेगळे घ्यावेत का?

पत्र : पाचगणीजवळ, भिलारच्या रस्त्याला आमचे घर आहे. सहा वर्षांपूर्वी घरामागे पाच खोल्या बांधून आम्ही त्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. दिवाळीपासून पाऊस सुरू होईपर्यंत न्याहारीसह ३,००० रुपये आणि पावसाळ्यात २,००० रुपये असा आमचा दर आहे. पाहुण्यांच्या आग्रहामुळे गेल्या हिवाळ्यात प्रत्येक खोलीत दोन किलोवॅटचा हीटर ठेवला. ऑक्टोबरात ६० रूम नाइट झाल्या (एक खोली एका रात्रीसाठी गेली की एक रूम नाइट) आणि ६४० युनिट वीज लागली. जानेवारीत ६२ रूम नाइट झाल्या, तर १,६९० युनिट लागली आणि बिल २३,६६० रुपये आले. शुक्रवारी-शनिवारी पाचही खोल्या भरतात, कित्येकांना नाही म्हणावे लागते. रविवार दुपारपासून मात्र घर ओस पडते. जानेवारीतल्या ६२ पैकी ४५ रात्री शुक्रवार-शनिवारच्याच होत्या. यजमानांचे म्हणणे, हीटरचे रात्रीला ३०० रुपये वेगळे लावावेत. सूनबाई म्हणतात, त्यावरून लोक वाईट अभिप्राय लिहितील. शेजारचे गृहस्थ सांगतात की हीटर काढून टाका आणि खोलीत कोळशाची शेगडी द्या. त्यांनी ३१ डिसेंबरला दुप्पट दर घेतला होता. आमचे निम्मे बुकिंग ऑनलाइन येते आणि त्यावर १८ टक्के कमिशन जाते. आम्ही काय करावे?
— एक गृहिणी, पाचगणी

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

सर्वांत आधी शेगडीविषयी लिहितो, कारण बाकीच्या प्रश्नांत चूक झाली तर पैसे जातील, येथे जीव जाईल. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागेही करीत नाही. खिडक्या लावून आत शेगडी ठेवलेल्या खोलीत सबंध कुटुंब सकाळी मृतावस्थेत सापडल्याच्या बातम्या उत्तर भारतातून दर हिवाळ्यात येतात. अंगणात शेकोटी पेटवावी, तिच्याभोवती पाहुण्यांना बसवावे, हुरडा किंवा मक्याची कणसे भाजून द्यावीत. मात्र निखारा उंबरठ्याच्या आत येता कामा नये. याच कारणाने न्हाणीघराच्या आत बसवलेला गॅस गीझरही नको. कोणी स्वस्त म्हणून सुचवला, तर तो बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर बसतो का एवढेच पाहावे, आणि बसत नसेल तर तो विषय सोडून द्यावा.

आता हिशेब. ऑक्टोबर आणि जानेवारी यांमध्ये रूम नाइट जवळजवळ सारख्या असल्याने आपले आकडे तुलनेसाठी फार सोयीचे आहेत. वाढ १,०५० युनिटची झाली. ती ६२ रात्रींवर वाटली तर रात्रीला १७ युनिट पडतात. आपल्या बिलाची एकूण रक्कम युनिटांनी भागली की एक युनिट १४ रुपयांना पडल्याचे दिसते. म्हणजे थंडीने प्रत्येक रात्रीमागे सुमारे २४० रुपये जादा नेले. यजमानांचा ३०० रुपयांचा आकडा हवेतला नाही, हे आधी मान्य करायला हवे. त्यांचे गणित बरोबर आहे. ते वसूल करण्याचा मार्ग मात्र मला पटत नाही. त्याचे कारण पुढे येईलच, पण तत्पूर्वी हे १७ युनिट गेले कोठे ते पाहू.

आपल्या भागात बहुतेकांचा संशय गीझरवर असतो. एक युनिट वीज ८६० लिटर पाणी एका अंशाने तापवते. जानेवारीत गच्चीवरच्या टाकीतले पाणी सकाळी १६ अंशांवर आहे असे धरू. शॉवरखाली एका माणसाला चाळीस अंशांचे ६० लिटर पाणी लागले, तर ते २४ अंशांनी तापवायला सुमारे १.७ युनिट लागतात. ऑक्टोबरात टाकीतले पाणी २४ अंशांच्या आसपास असेल, तेव्हा त्याच आंघोळीला १.१ युनिट लागतात. खोलीत सरासरी तीन माणसे धरली, तर थंडीमुळे आंघोळीच्या पाण्यात रात्रीमागे पावणेदोन युनिटांची वाढ होते. हात धुण्याचे पाणी आणि गीझरच्या टाकीतून वाया जाणारी उष्णता मिळवली तरी ती तीनच्या पुढे जात नाही. उरलेले १४ युनिट हीटरचे. दोन किलोवॅटचा हीटर सात तास अखंड चालला की बरोबर १४ युनिट होतात. पाहुणे संध्याकाळी तो लावतात, जेवायला बाहेर गेले तरी तो चालू असतो आणि झोप लागल्यावर बंद करायला कोणी उठत नाही. यात त्यांचा फारसा दोष नाही, कारण आपण दिलेल्या हीटरला खोली तापल्यावर आपोआप थांबण्याची सोय बहुधा नसावी.

येथे दुकानदार आपल्याला तेलाचा हीटर सुचवील आणि तो निम्मी वीज खातो असे सांगेल. त्यावर विश्वास ठेवू नये. तारेचा असो, पंख्याचा असो वा तेलाचा, एका युनिटमधून मिळणारी उष्णता तेवढीच. तेलाच्या हीटरचा खरा फायदा असा की त्याला खोली तापल्यावर आपोआप थांबवणारा थर्मोस्टॅट असतो, त्याची तार उघडी तांबडी होत नाही, आणि त्यामुळे पडदा किंवा पांघरूण पेटण्याचा धोका कमी असतो. या कारणांसाठी तो जरूर घ्यावा, पण एक किलोवॅटवरही चालवता येणारा घ्यावा आणि नेहमी तसाच चालवावा. खरोखर कमी वीज घेणारे साधन एकच, ते म्हणजे गरम हवाही देणारा इन्व्हर्टर एसी. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून आणतो, म्हणून एका युनिटमागे साधारण तीन युनिटांची ऊब देतो. आणि पाचगणीची थंडी त्याची दमछाक व्हावी इतकी कडक नसते. नुसत्या हिवाळ्यासाठी पाच एसी बसवणे शहाणपणाचे नाही. परंतु एप्रिल-मेमध्ये पाहुणे एसी मागतात म्हणून एखाद-दुसऱ्या खोलीत तो बसवण्याचा विचार असेल, तर थोडे जास्त पैसे देऊन ‘हॉट अँड कोल्ड’ प्रकारचाच घ्यावा.

मात्र यंत्र बदलण्याच्या आधी खोली पाहावी. आपल्या खोल्यांवर पत्रा आहे की स्लॅब, हे पत्रात नाही. सहा वर्षांपूर्वी घरामागे वाढवलेल्या खोल्या म्हटल्यावर पत्रा असावा असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर हीटरची निम्मी वीज तेथूनच जाते. नुसत्या पत्र्यातून, आतबाहेर एका अंशाचा फरक असेल तर, एका चौरस मीटरमागे सहा ते सात वॉट उष्णता निघून जाते. बारा फूट बाय चौदा फुटांच्या खोलीचे छप्पर साडेपंधरा चौरस मीटर भरते. आत २० अंश आणि बाहेर १० अंश असतील, तर एकट्या छपरातून सुमारे एक किलोवॅट उष्णता जाते, म्हणजे आपला निम्मा हीटर आभाळ तापवण्याच्या कामी लागलेला असतो. निरभ्र रात्री तर पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो; वेण्णा तलावाजवळ गाड्यांच्या टपांवर दव गोठल्याची छायाचित्रे आपण दरवर्षी वर्तमानपत्रांत पाहतो, ते याच कारणाने घडते. पत्र्याखाली सीलिंग करून त्यावर दोन इंच जाडीचा रॉकवूलचा, म्हणजे दगडापासून केलेल्या लोकरीसारख्या तंतूंचा, थर अंथरला, तर ही गळती साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. थर्मोकोल स्वस्त मिळतो, पण तो आग पकडतो आणि वायरिंगच्या शेजारी तो असणे मला पसंत नाही. एक खबरदारी मात्र आपल्या भागाची म्हणून घ्यावी. महाबळेश्वरच्या मानाने पाचगणीत पाऊस पुष्कळ कमी असला, तरी पत्रा एका जागी जरी गळत असेल तर वरचा थर पाणी पिऊन बसतो, निरुपयोगी होतो आणि खोलीला कुबट वास येऊ लागतो. म्हणून आधी एका पावसाळ्यात गळती तपासून घ्यावी आणि मगच सीलिंग करावे. यंदा ते जमणार नसेल तर दाराखालच्या फटीला रबराची पट्टी, खिडकीच्या चौकटीला फोमची पट्टी आणि अस्तर लावलेला, जमिनीपर्यंत पोहोचणारा पडदा एवढे तरी करावे. हा खर्च फार नाही आणि एका दिवसाच्या कामात तो होतो.

याहून स्वस्त उपाय म्हणजे खोलीऐवजी माणसाला ऊब देणे. दुहेरी पलंगाचे विजेवर चालणारे ब्लँकेट साधारण शंभर वॉट घेते आणि रात्रभर चालले तरी एक युनिट खात नाही. हीटर तेवढी वीज अर्ध्या तासात संपवतो. आयएसआय शिक्का असलेले आणि आपोआप बंद होणारे ब्लँकेट घ्यावे, त्याची घडी घालून ते चालू करू नये आणि लहान मुलाच्या पलंगावर ते देऊ नये. त्यावर एक जाड दुलई आणि आपल्याकडची हाताने शिवलेली गोधडी. सातारा जिल्ह्यात गोधडी शिवणाऱ्या बायका अजून आहेत. माझा अनुभव असा की पाहुणा हीटरचा फोटो कधी काढत नाही, गोधडीचा मात्र हटकून काढतो.

हीटरला लागणाऱ्या वायरिंगकडेही लक्ष द्यावे. दोन किलोवॅटचा हीटर जवळजवळ नऊ अँपिअर प्रवाह घेतो. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट आणि त्या भाराला पुरेल अशी जाड तार लागते. मोबाइल चार्ज करण्याच्या एक्स्टेन्शन बोर्डावर तो चालवणे म्हणजे आग लावण्याची तयारी करणे होय. पाच हीटर आणि पाच गीझर एकाच वेळी चालू झाले तर भार वीस किलोवॅटच्या घरात जातो. आपला मंजूर भार किती आहे ते बिलावर छापलेले असते, ते पाहावे. तो कमी असेल तर भार वाढवून घेण्याआधी वायरमनकडून प्रत्येक खोलीत एक चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा, म्हणजे गीझर चालू असताना हीटर बंद राहील आणि हीटर चालू असताना गीझर. पाहुण्याची यात गैरसोय होत नाही, कारण आंघोळ करीत असलेल्या माणसाला खोलीतल्या हीटरचा उपयोग नसतो. त्याच वेळी आरसीसीबी, म्हणजे वीज कोठे गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर तोही बसवून घ्यावा.

गरम पाण्याची वाढ लहान असली तरी ते वर्षभर लागते, म्हणून त्याचाही विचार हवा. आपल्याकडे ऑक्टोबरनंतर आभाळ स्वच्छ असते. म्हणजे पाणी सर्वांत थंड असते त्याच महिन्यांत सौर बंब चांगला चालतो, आणि बंद पडतो तो पावसाळ्यात, जेव्हा आपल्या खोल्याही रिकाम्या असतात. पंधरा माणसांसाठी ५०० लिटरचा बंब पुरेल. एक रात्र मुक्काम म्हणजे साधारण पाच युनिटांच्या आंघोळी. पावसाळा वगळून वर्षाला किती रूम नाइट होतात ते आपल्या वहीतून काढावे, त्याला पाच युनिट आणि १४ रुपये यांनी गुणावे आणि येईल त्या आकड्याने विक्रेत्याच्या दरपत्रकाला भागावे. उत्तर चार वर्षांच्या आत आले तर घ्यावा, आठ वर्षे आले तर घेऊ नये. बंबापासून न्हाणीघरापर्यंतचे नळ मात्र उष्णतारोधक आवरणाने झाकून घ्यावेत. वीस मीटर लांब अर्ध्या इंची नळात साडेतीन लिटर पाणी असते, आणि गरम येईपर्यंत ते थंड पाणी प्रत्येक पाहुणा मोरीत सोडून देतो.

विजेच्या जोडणीविषयी थोडक्यात लिहितो. आपली जोडणी घरगुती आहे की व्यापारी, हे आपण कळवलेले नाही. घरगुती असेल तर महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात आणि ५०० युनिटांवरचे प्रत्येक युनिट सर्वांत महाग पडते. त्यामुळे वाचवलेल्या युनिटची किंमत सरासरीच्या १४ रुपयांहून जास्त असते. परंतु घरगुती जोडणीवर मान्यता नसलेला व्यवसाय चालवल्याचे आढळले, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत आपली नोंदणी आहे का, आणि असल्यास आपल्या जोडणीला कोणता दर लागू होतो, हे उपविभागीय कार्यालयातून लेखी घ्यावे. तोंडी सांगितलेले पुढच्या तपासणीच्या वेळी उपयोगी पडत नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. हीटरचे ३०० रुपये वेगळे घेऊ नयेत, या बाबतीत मी आपल्या सूनबाईंच्या बाजूचा आहे. त्यांचे कारण बरोबर आहे, पण ते अपुरे वाटते. वेगळे पैसे घेतले की पाहुणा ते वसूल करतो. ३०० रुपये दिलेत ना, मग हीटर चालू राहू दे रात्रभर, खिडकी उघडी राहिली तरी काय बिघडले, आणि मुलांचे ओले कपडेही त्यावरच वाळू देत. आज सात तास चालणारा हीटर बारा तास चालेल. तेव्हा २४ युनिट म्हणजे ३३६ रुपये जातील आणि ३०० घेऊनही आपण तोट्यात राहाल. दुसरे कारण कायद्याचे. ऑनलाइन जाहिरातीत एक किंमत दाखवायची आणि नंतर टप्प्याटप्प्याने आकार जोडत जायचे, या प्रकाराला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हटले असून तो अनुचित ठरवला आहे. आपला पाहुणा रात्री नऊ वाजता घाट चढून, मुलांना कडेवर घेऊन दाराशी येतो. त्या क्षणी त्याला ‘हीटर पाहिजे का? ३०० पडतील’ असे विचारणे कायद्यात बसो वा न बसो, घरच्या पाहुणचारात बसत नाही.

मग हे पैसे आणायचे कोठून? जेथे आपण लोकांना नाही म्हणता, तेथून. शुक्रवारी-शनिवारी आपल्या पाचही खोल्या भरतात आणि वर फोन येत राहतात, याचा अर्थ त्या दोन रात्रींचा ३,००० रुपये हा दर कमी आहे. तो १५ नोव्हेंबर ते १५ फेब्रुवारी या काळात ३,४०० करावा. जानेवारीत अशा ४५ रात्री होत्या. ४०० रुपयांच्या वाढीचे १८,००० रुपये होतात. सगळे बुकिंग ऑनलाइन आले असे धरून १८ टक्के कमिशन वजा केले तरी १४,७६० उरतात. आपली थंडीमुळे झालेली वाढ १,०५० युनिट गुणिले १४, म्हणजे १४,७०० रुपयांची होती. एक खोलीही सुधारली नाही, एक हीटरही बदलला नाही, तरी हा खर्च भरून निघतो, आणि पाटीवर लिहिता येते : ‘हीटर, गरम पाणी व न्याहारीसह’. यजमानांना हा परिच्छेद वाचून दाखवावा. त्यांचे ३०० रुपये बुडालेले नाहीत, ते वेगळ्या खिशातून येत आहेत.

वर सांगितलेले उपाय केल्यावर जादा वीज रात्रीला १७ युनिटांवरून आठ-नऊवर यायला हरकत नाही, म्हणजे सुमारे १२० रुपयांवर. मग उरलेली रक्कम आपली.

रविवार ते गुरुवारचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे आणि आपले खरे नुकसान तेथे होते आहे. जानेवारीत आपल्याकडे एकूण १५५ रूम नाइट उपलब्ध होत्या. शुक्रवार-शनिवारच्या ४५ वगळता ११० राहतात, त्यांतल्या १७ गेल्या आणि ९३ रिकाम्या राहिल्या. विजेचे बिल १४,७०० रुपयांनी वाढले म्हणून घरात वाद झाला, पण या ९३ रात्रींचा उल्लेख पत्रात एका वाक्यात आटोपला आहे. रिकाम्या खोलीला वीज लागत नाही हे खरे, पण ती काही कमावतही नाही.

अशा रात्रीला किती खाली उतरावे, याला एक तळ असतो आणि तो प्रत्येकाने आपल्या वहीतून काढायचा असतो. वीज २४० रुपये. न्याहारी, धुलाई आणि साफसफाई मिळून ५०० रुपये धरू. २,२०० रुपयांना खोली ऑनलाइन गेली तर कमिशन ३९६. एकूण १,१३६ रुपये खर्च होऊन १,०६४ उरतात. म्हणजे २,२०० ला खोली देण्यात तोटा नाही. पण म्हणून सरसकट दर पाडू नये, कारण मग ज्या १७ रात्री ३,००० ला जातच होत्या त्यांच्या पाहुण्यांनाही आपण रात्रीमागे ८०० रुपये परत केल्यासारखे होते. कमिशन धरून ते नुकसान ११,१५२ रुपयांचे आहे आणि ते भरून काढण्यासाठीच आणखी ११ रात्री विकाव्या लागतील. ९३ पैकी ११ काही अशक्य नाहीत, पण आधी खड्डा खणून मग तो भरण्यात काय हशील? त्यापेक्षा मधल्या वारांचा जाहीर दर २,६०० ठेवावा आणि २,२०० चा दर दोन अटींवर द्यावा : दोन रात्रींचा मुक्काम हवा आणि बुकिंग थेट फोनवर हवे. दोन रात्रींत चादरी एकदाच धुवाव्या लागतात, पहिल्या रात्री तापलेली खोली दुसऱ्या रात्री तेवढी गार नसते, आणि थेट बुकिंगमध्ये कमिशनचे ३९६ रुपये वाचतात. ज्याला ही सवलत हवी तो आपली सोय बदलून येतो, ज्याला नको तो आपल्या दराने येतो.

मधल्या वारांना येणार तरी कोण, असे आपण विचाराल. मुंबई-पुण्याच्या नोकरदारांची वाट पाहू नये. त्यांना सुटी शनिवारीच असते. पाचगणीजवळ असे काही आहे जे लोणावळ्याजवळ तितके नाही, आणि ते म्हणजे निवासी शाळा. मुलांना भेटायला, सोडायला, न्यायला, स्नेहसंमेलनाला, प्रवेशाच्या चौकशीला पालक मधल्या वारीही येतात. एकदा आलेले पालक मूल शाळेत असेपर्यंत, म्हणजे पाच-सात वर्षे, येत राहतात. त्यांना धबधबा नको असतो. त्यांना मुलासाठी एक रात्र घरचे जेवण आणि ऊबदार खोली हवी असते. शाळांची वार्षिक दिनदर्शिका मिळवावी, त्या तारखा आपल्या वहीत लिहून ठेवाव्यात आणि अशा पालकांसाठी २,२०० चा दर एका रात्रीलाही द्यावा. दुसरा वर्ग निवृत्त मंडळींचा. त्यांना वार सारखेच, आणि गर्दी टाळायला ते उत्सुक असतात. भिलार २०१७ पासून पुस्तकांचे गाव झाले आहे. वाचनात सबंध दिवस घालवणारा माणूस मंगळवार पसंत करतो, कारण शनिवारी तेथे निवांत बसायला मिळत नाही. स्ट्रॉबेरीचा हंगाम नोव्हेंबरअखेरीस सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, तेव्हा ओळखीच्या शेतकऱ्याच्या मळ्यात सकाळी तासभर घेऊन जाण्याची सोय करता आली तर त्याचे वेगळे पैसे घेऊ नयेत, दोन रात्रींच्या दरात ती द्यावी. मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे कुटुंबे घराबाहेर पडत नाहीत. त्या महिन्यात दर आणखी खाली आणून काही साधत नाही. ते दिवस पत्र्याच्या आणि वायरिंगच्या कामाला द्यावेत.

३१ डिसेंबरला शेजाऱ्यांनी दुप्पट घेतले, म्हणून आपणही घ्यावेत का? मी दीडपट घेईन, ४,५०० रुपये, आणि २९ डिसेंबर ते १ जानेवारी या काळात किमान दोन रात्रींची अट ठेवीन. हा दर दिवाळीपूर्वीच जाहीर करावा, आणि ज्यांनी आधी जुन्या दराने बुकिंग केले आहे त्यांच्याकडून एक रुपयाही वाढवून मागू नये. दुप्पट घेण्यात नैतिक पाप आहे असे मी म्हणत नाही. परंतु त्याच रात्री पाचही खोल्यांत गीझर किंवा हीटर सतत चालू असतो, फ्यूज उडण्याची शक्यता त्याच रात्री सर्वांत जास्त, आणि वायरमन त्या रात्री मिळत नाही. ३,००० देऊन गार पाण्याने आंघोळ केलेला पाहुणा कुरकुरतो. ६,००० दिलेला सोडत नाही, आणि त्याने लिहिलेले वर्षभर सर्वांना वाचायला मिळते.

राहता राहिले ते खिडकी उघडी ठेवणाऱ्यांचे आणि हीटरवर कपडे वाळवणाऱ्यांचे. सूचनांचा फलक भिंतीवर लावू नये. वाचत कोणी नाही आणि घराचे वसतिगृह होते. न्हाणीघराबाहेर कपडे वाळवायला एक दोरी किंवा स्टँड द्यावा, म्हणजे हीटरवर ते टाकण्याची गरज उरत नाही. हीटरसाठी चार तासांनी आपोआप बंद होणारा टायमर सॉकेट बसवावा. पुन्हा हवा असेल तर पाहुण्याने बटण दाबावे. झोपलेला माणूस ते दाबत नाही, आणि दुलईखाली त्याला त्याची गरजही भासत नाही. खोली दाखवताना सूनबाईंनी किंवा आपण एवढेच सांगावे की हीटर झोपण्याआधी तासभर लावा, नंतर ब्लँकेट पुरते, आणि काही लागले तर हाक मारा.

या सगळ्याला मोजमापाचा आधार हवा, म्हणून प्रत्येक खोलीला एक सबमीटर, म्हणजे त्या खोलीपुरती वीज मोजणारा वेगळा मीटर, बसवावा. तो पाहुण्यांकडून युनिटप्रमाणे पैसे घेण्यासाठी नाही. पाहुणे गेल्यावर आकडा वहीत लिहावा, त्यापुढे खोलीत माणसे किती होती तेही लिहावे. महिनाभरात कोणत्या खोलीचा पत्रा जास्त उष्णता सोडतो ते आपल्याला दिसेल, आणि सीलिंगचे काम पाचही खोल्यांना करायचे की दोनच खोल्यांना, हे तेव्हाच ठरवता येईल. मीटर आणि चेंजओव्हर स्विच यांचे काम दसऱ्याच्या आत उरकून घ्यावे. दिवाळी जवळ आली की घाटावर वायरमन शोधूनही सापडत नाही.